ज्या बँडला सगळे हसतात, त्याचे चाहते इतके घट्ट कसे?

१६ सप्टेंबर २०१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर एक मोर्चा जमला होता. फलक होते, घोषणा होत्या, भाषणंही झाली. पण मोर्चेकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चेहरे विदूषकासारखे काळ्या-पांढऱ्या रंगांनी रंगवले होते. मागणी अशी होती, की एका बँडची गाणी आवडतात म्हणून आम्हाला गुन्हेगारी टोळीत धरू नका.

बँडचं नाव इन्सेन क्लाउन पॉसी. त्याचे चाहते स्वतःला 'जगॅलो' म्हणवतात. अमेरिकेत या बँडची जेवढी टवाळी झाली, तेवढी फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. तरीही, किंवा खरं तर त्यामुळेच, हे लोक देशभरातून राजधानीत आले. चार लोकांत लाडक्या असलेल्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या एखाद्या बँडचे चाहते एकमेकांसाठी असे रस्त्यावर उतरलेले फारसे आठवत नाहीत.

अलीकडे हा विषय पुन्हा चर्चेत आहे, कारण हास्यास्पद ठरलेले काही बँड सन्मानाने परतू लागलेत. २०२३ मध्ये निकेलबॅकवर माहितीपट आला आणि त्याच वर्षी कॅनडाच्या संगीत क्षेत्रातल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांना स्थान मिळालं. त्याच वर्षी टेक्सस रेंजर्स या बेसबॉल संघाने क्रीड या बँडची गाणी आपलीशी केली. प्रेक्षक मैदानात ती गात होते आणि संघाने वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची अजिंक्यपद मालिकाही जिंकली. हे पाहून बऱ्याच जणांना प्रश्न पडला, की इतकी वर्षं हे ऐकत कोण होतं? आणि ऐकणाऱ्यांनी एकमेकांना शोधलं कसं?

कोणत्या बँडबद्दल बोलतोय आपण?

नावं ठेवणारे प्रत्येक बँडला भेटतात. इथे बोलायचं आहे ते एका खास प्रकारच्या टिंगलीबद्दल, जिच्यात त्या बँडचं एकही गाणं धड न ऐकलेला माणूसही हसून सामील होतो.

निकेलबॅक हा त्याचा ठळक नमुना. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या हॅना या छोट्या गावात १९९५ साली सुरू झालेला हा बँड. जगभरात ५ कोटींहून जास्त अल्बम विकले गेले. तरी २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात मध्यंतराला हा बँड वाजवणार असं कळल्यावर, यांना बोलावू नका म्हणून ५०,००० हून जास्त लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. (बँड आला, वाजवून गेला.) त्यांची दोन गाणी एकाच वेळी, एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात वाजवली तर जवळजवळ जुळतात, हे कुणीतरी दाखवून दिलं आणि टिंगलीला जणू पुरावाच मिळाला.

फ्लोरिडातल्या क्रीडच्या एका अल्बमच्या १ कोटीहून जास्त प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या. तरीही २०१३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या वाचकांनी १९९० च्या दशकातला सर्वांत वाईट बँड म्हणून त्यांनाच निवडलं.

इन्सेन क्लाउन पॉसी हे डेट्रॉइटच्या परिसरात गरिबीत वाढलेले दोन रॅपर. तोंडाला रंग, गाण्यांत रक्तपात आणि शिव्यांची रेलचेल. २०१० मध्ये एका गाण्यात त्यांनी चुंबकं चालतात तरी कशी, असा प्रश्न शिवीसकट विचारला आणि निम्म्या इंटरनेटला आयतंच कोलीत मिळालं.

या आकड्यांत एक गंमत आहे. कोट्यवधी अल्बम हवेत विरत नाहीत, ते कुणीतरी विकत घेतलेले असतात. म्हणजे हसणाऱ्यांच्या घोळक्यातही गाडीत एकटं असताना हीच गाणी लावणारे काही जण असणारच. ते बोलत नाहीत, एवढंच.

आवड म्हणे आपली आपली असते

ते बोलत का नाहीत? 'मला हे आवडतं' या वाक्यात आपण स्वतःबद्दल बरंच काही सांगून बसतो, म्हणून. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये हा विषय सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपली आवड आपला सामाजिक वर्ग उघड करते, आणि आपल्याला काय आवडतं यापेक्षा आपण कशाला नाकं मुरडतो यातून ते जास्त स्पष्ट दिसतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बेथनी ब्रायसन यांनी १९९६ मध्ये हे आकडेवारीवर तपासलं. १९९३ च्या एका राष्ट्रीय पाहणीत लोकांना १८ संगीतप्रकारांबद्दल विचारलं होतं. जास्त शिकलेल्या लोकांना एकंदरीत जास्त प्रकार चालत होते. आम्ही सगळं ऐकतो, असं म्हणणारा हा वर्ग. पण या 'सगळ्या'तून काही प्रकार हमखास वगळले जात, आणि ते नेमके कमी शिकलेल्या श्रोत्यांमध्ये लोकप्रिय असलेले प्रकार होते: रॅप, हेवी मेटल, कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत) आणि गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत). हे वाचल्यावर निकेलबॅकवरचे विनोद मला तरी पूर्वीइतके निरागस वाटत नाहीत. त्यातले कित्येक विनोद गाण्यांवर नसतात. ते ऐकणाऱ्याच्या कपड्यांवर, गाडीवर, नोकरीवर असतात.

टिंगल चाळणीचं काम करते

पीठ चाळताना जे बारीक आहे ते खाली पडतं आणि भरड वर उरतं. टिंगल चाहत्यांना अशीच चाळून काढते. गाणी थोडीफार आवडणारे, मित्रांबरोबर सहज कार्यक्रमाला गेलेले, रेडिओवर लागलं म्हणून गुणगुणणारे सगळे पहिल्या दोन-चार टोमण्यांतच गळून जातात. मागे उरतात ते चारचौघांत हसं झालं तरी टी-शर्ट न काढणारे.

अभ्यासक याला 'महागडा संकेत' म्हणतात. ज्या कृतीची किंमत मोजावी लागते, तीच कृती विश्वासार्ह ठरते, एवढाच त्याचा अर्थ. सर्वमान्य बँडचा टी-शर्ट घालायला काहीच किंमत पडत नाही, त्यामुळे त्यावरून घालणाऱ्याबद्दल फारसं काही कळतही नाही. अंगावर जगॅलोंचं चिन्ह, म्हणजे हातात कुऱ्हाड घेऊन धावणारा माणूस, गोंदवून घेतलेला मात्र नोकरीच्या मुलाखतीत अडचणीत येऊ शकतो. तो ते जाणूनच गोंदवतो. दुसऱ्या गावच्या पेट्रोल पंपावर तेच चिन्ह दिसलं, की त्या अनोळखी माणसाने काय सोसलं असेल हे याला न विचारता कळतं. समानशीले व्यसनेषु सख्यम्, म्हणतात ते असं.

अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स इयानाकोन यांनी १९९२ मध्ये कडक नियमांच्या धार्मिक गटांबद्दल हाच तर्क मांडला होता. विचित्र पोशाख, खाण्यापिण्याची बंधनं, लोकांचं हसणं या गोष्टी गटाला दुबळं करतील असं वाटतं, पण घडतं उलट. फुकटात फायदा घ्यायला आलेले बाहेर राहतात आणि आत उरलेल्यांना एकमेकांकडून जास्त मिळतं. फरक एकच. धार्मिक गट ही किंमत स्वतः ठरवतो. इथे ती बाहेरचे लोक ठरवतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. निकेलबॅकवर विनोद करणारा प्रत्येक जण नकळत त्या बँडच्या चाहत्यांचा गट पक्का करत असतो.

आणखी एक जुना प्रयोग इथे लागू पडतो. १९५९ मध्ये इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी परीक्षा घेतली. काहींसाठी ती सौम्य होती, काहींसाठी चांगलीच लाजिरवाणी. मग सगळ्यांना त्या गटाची चर्चा ऐकवली, आणि ती मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. ज्यांनी जास्त लाज सोसली होती त्यांना ती चर्चा जास्त रंजक वाटली. इतकं सोसून आत आल्यावर आतलं जग बरं वाटून घेण्याकडे मनाचा कल असतो. हा निष्कर्ष चाहत्यांना फारसा आवडणार नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

आत गेल्यावर काय असतं?

जगॅलोंचा वार्षिक मेळावा, 'गॅदरिंग', २००० साली मिशिगनमधल्या नोव्हाय इथे सुरू झाला. पुढे तो मोकळ्या माळावर, तंबू ठोकून, कित्येक दिवस चालणारा झाला. २००७ ते २०१३ तो इलिनॉयमधल्या केव्ह-इन-रॉक या आडगावी भरत असे. नंतर मुख्यतः ओहायोत. तिथे गाणी असतात, कुस्ती असते (बँडची स्वतःची कुस्ती कंपनी आहे), कलाकारांशी गप्पा असतात. पण सबंध मेळावाभर कानावर पडतो तो 'वूप वूप' हा पुकारा. एकाने दिला की शेजारच्या तंबूतून उत्तर येतं, तिथून पलीकडच्या. ओळख नसली तरी उत्तर द्यायचंच. आणि चाहते एकमेकांना 'फॅमिली' म्हणतात.

फेगोची गोष्ट तर टिंगलीच्या विषयाला अगदी चपखल बसते. फेगो हे डेट्रॉइटमध्ये १९०७ पासून बनणारं स्वस्त सोडापेय. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतले काही जण बँडची हुर्यो उडवत होते, तेव्हा दोघांपैकी व्हायोलंट जे याने फेगोची उघडी बाटली त्यांच्यावर भिरकावली, असं सांगतात. बाकीचे प्रेक्षक खूश झाले. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात गर्दीवर फेगोचा वर्षाव होतो आणि चाहते मुद्दाम भिजायला पुढे येतात. बाहेरच्याला हा निव्वळ चिकट वेडेपणा वाटतो. पण एकदा सगळेच नखशिखांत चिकट झाले, की कोण नीटनेटकं, कुणाचे कपडे महागडे, हा हिशेबच उरत नाही. शाळेत ज्यांच्या कपड्यांवरून हसत असत, त्यांना याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आता याची दुसरी बाजू. या मेळाव्यांत अमली पदार्थ खुलेआम विकले जात, हे बातम्यांत वारंवार आलं आहे. २०१० मध्ये मंचावर आलेल्या एका पाहुण्या कलाकार स्त्रीवर प्रेक्षकांनी बाटल्या आणि दगड फेकले, तिला जखमा झाल्या. आपल्यावर हसलं जातं म्हणून आपण आपोआप दयाळू होत नाही. कुटुंबाबाहेरच्यांशी हे कुटुंब क्रूरही वागू शकतं.

'आपण' आणि 'ते': यासाठी फार काही लागत नाही

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडतात, यावरून मुलांचे दोन गट पाडले, असं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी निव्वळ योगायोगाने केलेली होती. मुलं एकमेकांना भेटली नाहीत, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना कळलं नाही. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं.

केवळ कागदावरच्या आवडीने एवढं होत असेल, तर त्यात बाहेरून रोज टोमणे मिळाले म्हणजे काय होईल? १९९९ मध्ये नायला ब्रॅन्सकोम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भेदभाव जाणवला की माणसाच्या मनाला त्याची झळ बसते, पण तोच अनुभव त्याला आपल्या गटाकडे ढकलतो आणि गटाशी वाढलेली जवळीक त्या झळीचा काही भाग शोषून घेते. त्यांचा अभ्यास आफ्रिकन-अमेरिकन लोकांवर होता. वंशभेद आणि बँडची चेष्टा यांना एका मापाने मोजणं चुकीचं होईल. टी-शर्ट रात्री काढून ठेवता येतो, कातडीचा रंग नाही. यंत्रणा मात्र ओळखीची आहे: नाकारलं जाणं, जवळ येणं, थोडा दिलासा.

"पण गाणी खरंच भिकार असतील तर?"

असू शकतात. हसणारे सगळे आंधळे आहेत असा दावा मला करायचा नाही. क्रीडच्या गायकाचा तो दाटलेला, दात आवळून काढलेला स्वर मलाही फार वेळ सोसत नाही.

तरी एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४,००० हून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसत नव्हतं. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे समूह केले, आणि प्रत्येक समूहात फक्त त्याच समूहातल्या लोकांची पसंती दिसे. दर समूहात वेगळीच गाणी गाजली. एकच गाणं एका समूहात पहिलं आलं, तर दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं, आणि बहुतेक गाणी मधलीच असतात.

निकेलबॅकच्या बाबतीत तर फिनलंडच्या संशोधक साल्ली आंतोनेन यांनी २०१६ मध्ये फिनिश वृत्तपत्रं-मासिकांतली परीक्षणंच तपासली. समीक्षकांचा मुख्य आक्षेप 'अस्सलपणा'चा होता. बँड रॉकचे सगळे संकेत इतके काटेकोर पाळतो की तो खोटा वाटतो, असा सूर. कारागिरी जमली नाही असं कुणी म्हणत नव्हतं. ती फारच जमली, ही तक्रार होती. चाहत्याला हे ऐकवलं तर तो खांदे उडवेल, कारण गाणं ऐकून त्याच्या अंगावर आलेला काटा काही खोटा नव्हता.

"हा तर पंथ झाला!"

हा आक्षेप केवळ गप्पांपुरता राहिला असता तर ठीक होतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या राष्ट्रीय टोळीविषयक अहवालात जगॅलोंचा उल्लेख 'सैलसर बांधणीची संमिश्र टोळी' असा झाला. काही चाहत्यांनी गुन्हे केले होते, हे खरं. पण ठपका बसला तो सगळ्यांवर. गोंदणामुळे लष्करभरतीत अडचणी आल्याच्या तक्रारी झाल्या. ट्रकवरचं चिन्ह पाहून पोलिसांनी एका चालकाला थांबवून तपासणी केल्याची तक्रारही होती. जानेवारी २०१४ मध्ये बँड आणि चार चाहत्यांनी नागरी हक्क संघटना 'एसीएलयू'च्या मिशिगन शाखेच्या मदतीने सरकारवर दावा लावला. तो फेटाळला गेला, अपिलात २०१५ मध्ये पुन्हा जिवंत झाला, परत फेटाळला गेला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम केला. सुरुवातीला सांगितलेला मोर्चा या निकालाच्या तीन महिने आधीचा.

पंथ म्हणावं असं काय हवं? एका नेत्याची हुकमत, पैशांवर ताबा, बाहेर पडणाऱ्याला शिक्षा. इथे यातलं काहीच नाही. तोंड धुतलं की माणूस बाहेर. भाविकता भरपूर आहे, मान्य. व्यापारही आहे, टी-शर्ट आणि तिकिटं फुकट मिळत नाहीत. पण मग मोठ्या फुटबॉल क्लबांचे पाठीराखे काय वेगळं करतात? त्यांच्याकडे टोळी म्हणून सरसकट बोट न दाखवण्यात त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेचा वाटा मोठा आहे.

आणि टिंगल थांबली तर?

सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये डाव्या विचारांच्या संगीत चळवळीतल्या लोकांना आबा हा बँड म्हणजे बाजारूपणाचा कळस वाटत असे. आबाच्या विजयामुळे १९७५ ची युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गाण्यांची स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा तिच्या निषेधार्थ पर्यायी महोत्सवही भरवला गेला. २०१० मध्ये हाच बँड अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. आज आबा आवडतं म्हणायला कसलंच धाडस लागत नाही. म्हणजे त्या वाक्यावरून आता माणूसही ओळखता येत नाही.

क्रीडचं सध्या तेच चाललंय. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या पुनर्मीलनाची जहाज-सफर निघाली, मग मोठा दौरा झाला. गर्दीत १९९९ पासून टोमणे खात आलेले होते आणि मीम पाहून, अर्धं गमतीत, नव्याने आलेलेही होते. गमतीत आलेल्यांतले काही जण नंतर खरोखरच रमतात, त्यामुळे जुन्यांना त्यांना हाकलताही येत नाही आणि मनापासून मिठीही मारता येत नाही. आपल्या बँडला न्याय मिळाला याचा आनंद असतो, पण काल हसणारे आज पहिल्या रांगेत उभे आहेत याचा चडफडाटही असतो. मी हा चडफडाट समजू शकतो. ज्या गोष्टीसाठी वीस वर्षं किंमत मोजली, ती एकाएकी सगळ्यांना फुकट वाटली गेली.

इन्सेन क्लाउन पॉसीवर अशी मेहेरनजर अजून झालेली नाही आणि होईल असंही दिसत नाही. २०२१ मध्ये व्हायोलंट जे याने हृदयाच्या ठोक्यांच्या आजारामुळे लांबलचक दौरे थांबवणार असल्याचं सांगितलं. गॅदरिंग मात्र त्यानंतरही ओहायोत भरत राहिलं.